गव्हाचा तांबेरा उन्हाळ्यात जातो कुठे? प्रा. करमचंद मेहता यांचा तीस वर्षांचा शोध

कृषी पदवीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला के. सी. मेहता हे नाव विचारा. त्याला ते माहीत असतंच, कारण वनस्पती रोगशास्त्राच्या पेपरात ते हमखास येतं. भारतात गव्हाच्या तांबेऱ्याचं वार्षिक चक्र कोणी उलगडलं? चार पर्याय, एक गुण, पुढचा प्रश्न. पण त्या एका गुणामागे जवळपास तीस वर्षांचं काम आहे. माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला ते वाचताना सारखं वाटत राहतं की हे तर सरळ सरळ डीबगिंग आहे. फरक एवढाच की इथली सिस्टीम म्हणजे अख्खा भारतीय उपखंड, आणि लॉग फाईल कुठेच नाही.

नवीन पनवेलमध्ये बसून गव्हाबद्दल लिहिणं तसं गमतीचंच आहे. आमच्या आजूबाजूला जी काही शेती उरली आहे ती भाताची. गहू दिसतो तो किराणा दुकानात, नाहीतर गिरणीत. पण पोळी रोज लागते, त्यामुळे विषय आपलाच.

आधी रोग समजून घेऊ

तांबेरा ही बुरशी आहे. लोखंडाला गंज चढावा तसे पानांवर आणि खोडावर रंगीत फोड येतात, हात लावला की बोटाला भुकटी लागते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. गव्हावर तीन तांबेरे येतात: खोडावरचा काळा, पानावरचा नारिंगी आणि पट्ट्यापट्ट्यांनी येणारा पिवळा. तिघांची एक अट सारखी आहे. ही बुरशी जिवंत झाडावरच जगते. कापलेल्या गव्हावर, वाळलेल्या काडावर तिचं पोट भरत नाही.

आता यात हवामान कुठे येतं? बीजाणू पानावर पडला म्हणून लगेच रोग होत नाही. त्याला रुजायला पानावर काही तास पाण्याचा पातळ थर लागतो, म्हणजे दव, धुकं किंवा भुरभुर पाऊस. शिवाय तापमान जुळावं लागतं. पिवळ्याला १० ते १५ अंश मानवतं, नारिंगीला त्याहून थोडं जास्त, काळ्याला चांगली ऊब लागते. म्हणून पंजाबात पिवळ्याची धास्ती असते, आणि आपल्या महाराष्ट्रात हिवाळाच उबदार असल्यामुळे काळा आणि नारिंगी यांची. जानेवारीत चार-पाच दिवस ढगाळ गेले की शेतकरी शेतात जाऊन पानं उलटून बघतो, ते उगाच नाही.

रुजल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत नवा फोड येतो, आणि एका फोडातून हजारो बीजाणू उडतात. कोविडनंतर हे गणित आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. रोग डिसेंबरात शिरला तर त्याला सहा-सात फेऱ्या मिळतात, फेब्रुवारीअखेर शिरला तर एखाद-दुसरी. तोपर्यंत गहू पिकून जातो. म्हणजे हंगामाचं नशीब दोन गोष्टींवर ठरतं: बीजाणू केव्हा आले, आणि आल्यावर त्यांना ओलावा मिळाला का. काळा तांबेरा जोरात आला तर खोडाची साल फाटते, पाणी उडून जातं, अन्नरस ओंबीपर्यंत पोचत नाही आणि दाणा सुरकुततो. लांबून पीक उभं दिसतं, मळणी केल्यावर पोतं भरत नाही.

हवामानाचा थेट फटका वेगळा. २०२२ च्या मार्चमध्ये दाणा भरतानाच उष्णता वाढली. सुरुवातीला सुमारे १११ दशलक्ष टनांचा असलेला देशाचा अंदाज मे महिन्यात १०६ दशलक्ष टनांच्या आसपास आला, आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. तिथे रोगाचा हात नव्हता, नुसतं ऊन होतं. पण हेच ऊन मेहतांच्या गोष्टीतही आहे, आणि तिथे त्याचं काम अगदी उलटं आहे.

मेहतांच्या आधी

तांबेऱ्याने हंगाम बुडणं आपल्याकडे जुनंच. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ नंतरच्या काही वर्षांत जबलपूर आणि नर्मदेच्या खोऱ्यात तांबेऱ्याने गव्हाची कशी दैना केली ते लिहून ठेवलं आहे. लोकांनी त्याचं खापर कोणाकोणाच्या पापांवर फोडलं होतं. त्यात त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. ज्या रोगाचा उगम दिसत नाही, जो एखाद्या वर्षी येतो आणि पुढच्या वर्षी येत नाही, त्याला दुसरं कारण तरी काय द्यायचं?

युरोपात मात्र एक धागा हाताला लागला होता. १८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी दाखवलं की काळ्या तांबेऱ्याला दोन यजमान लागतात, एक गहू आणि दुसरं बारबेरीचं झुडूप. थंड देशांत बुरशी बर्फाळ हिवाळा काडावर झोपून काढते, वसंतात बारबेरीवर जाते आणि तिथून परत गव्हावर येते. अमेरिकेने १९१८ पासून बारबेरीची झुडपं उपटायची मोठी मोहीमच काढली. बारबेरीचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत. आयुर्वेदातली दारुहळद त्यातलीच, कुमाऊंत तिच्या जातभाईला किलमोडा म्हणतात. मग उत्तर सोपं वाटतं: हिमालयातली बारबेरी, तिथून मैदानातला गहू. पण बटलर आणि हेमन यांनी १९०६ मध्ये भारतीय तांबेऱ्यांवर लिहिलं तेव्हाच हे जुळत नव्हतं. जिथे शेकडो मैल बारबेरी नाही तिथेही तांबेरा दरवर्षी येतच होता.

केंब्रिजहून आग्र्याला

करमचंद मेहता १८९० च्या दशकात जन्मलेले, आग्रा कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले आणि तिथेही विषय घेतला तो तांबेऱ्याचाच. केंब्रिजच्या आसपासच्या शेतांत हा रोग दरवर्षी परत कसा येतो यावरचा त्यांचा निबंध १९२३ मध्ये छापून आला. रोग कसा पसरतो यापेक्षा तो मधल्या काळात कुठे असतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात तिथेच पक्का झालेला दिसतो.

भारतात परतल्यावर तोच प्रश्न उलटा झाला. इंग्लंडमध्ये बुरशीला हिवाळा काढायचा असतो, आग्र्यात उन्हाळा. एप्रिलमध्ये गहू कापला की नोव्हेंबरपर्यंत मैदानात गव्हाचं हिरवं पान नाही. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास. मेहतांनी बीजाणू या उन्हाळ्यात टिकतात का ते तपासलं. नाही टिकत. म्हणजे दरवर्षी मैदानातला तांबेरा साफ मरतो. आपण ज्या उन्हाला शिव्या घालतो ते दरवर्षी हजारो चौरस किलोमीटर शेत फुकटात निर्जंतुक करून देतं. तरीही पुढच्या हिवाळ्यात रोग हजर! मग तो बाहेरून येतो, एवढं तर सिद्ध झालं. पण बाहेरून म्हणजे कुठून?

बारबेरीचा पर्याय त्यांनी नुसत्या तर्काने खोडला नाही, डोंगरात जाऊन खोडला. हिमालयातल्या बारबेरीच्या पानांवर बुरशीचे ठिपके येतात हे खरं, पण मैदानातल्या गव्हाच्या रोगाशी त्यांचं नातं जुळेना. शिवाय वेळेचं गणितही बसत नव्हतं. बारबेरीला पालवी फुटून तिच्यावर बुरशी येते ती वसंतानंतर, आणि तोवर मैदानातल्या गव्हावर तांबेरा येऊन गेलेला असतो. जो नंतर येतो तो आधीच्याचं कारण कसा असेल?

मग ते डोंगरातल्या गव्हाकडे वळले, आणि खरा शोध इथे लागला. पाच-सात हजार फुटांवर उन्हाळा सौम्य असतो. तिथे मैदानातला गहू कापून झाल्यावरही शेतात गहू उभा असतो. काढणीत सांडलेल्या दाण्यांतून पावसाळ्यात रोपं आपोआप उगवतात, कापलेल्या धाटांना फुटवे येतात. मेहता आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं भर पावसाळ्यात ही रोपं तपासत राहिले. त्यांच्यावर जिवंत तांबेरा होता. डोंगरातली नवी पेरणी मैदानाच्या आधी होते, म्हणजे या रोपांवरून बुरशी नव्या पिकावर जाते, तिथे वाढते आणि मग वाऱ्यावर खाली उतरते. दुसऱ्या कोणत्या यजमानाची गरजच नाही. हवेत बीजाणू खरंच असतात का हे पाहायला त्यांनी ठिकठिकाणी चिकट लेप लावलेल्या काचपट्ट्या ठेवल्या आणि त्यांवर काय चिकटतं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. आज आपण जिथे सेन्सर नेटवर्क म्हणू, तिथे तेव्हा काच, चिकट लेप आणि धीर होता.

१९२९ मध्ये मद्रासला भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी हाच विषय घेतला: भारतात गव्हावर तांबेरा दरवर्षी परत कसा येतो.

दुसरा दरवाजा, आणि आपला महाराष्ट्र

हिमालयाने उत्तरेचं बरंचसं कोडं सुटतं. पण दख्खनचं काय? काळा तांबेरा उत्तरेत उशिरा दिसतो आणि दक्षिणेकडे लवकर. तो खरंच हिमालयातून उतरत असता तर क्रम उलटा हवा होता. मेहतांचं बोट गेलं निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांकडे. उटीच्या आसपास तेव्हा गहू वर्षातून दोनदा घेत, त्यामुळे शेतात कायम कुठलं ना कुठलं हिरवं पीक असायचंच. बुरशीला ना उन्हाळ्याची भीती, ना हिवाळ्याची.

तिथून बीजाणू कर्नाटकात, मग महाराष्ट्रात आणि पुढे मध्य भारतात येतात. निलगिरी ते नाशिक अंतर सरळ रेषेत साधारण हजार किलोमीटर. एवढ्या लांबून धुळीएवढा कण येतो आणि निफाडच्या पानावर बसतो, हे ऐकायला अतिशयोक्ती वाटते. पण पिवळ्या तांबेऱ्याचं उदाहरण घ्या. तोही निलगिरीत आहे, पण दख्खनच्या उबदार हवेत त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून इकडे त्याचा त्रास नाही. बीजाणू पोचणं आणि रोग होणं यांच्या मध्ये हवामान उभं असतं.

खपली नावाचं टेस्ट किट

हे मला सगळ्यात आवडलेलं प्रकरण. तांबेऱ्याचेही व्हेरिएंट असतात, शास्त्रज्ञ त्यांना रेस म्हणतात. डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. त्या ओळखायच्या कशा? अमेरिकेत स्टॅकमन यांनी एक युक्ती बसवली होती. गव्हाच्या ठरावीक १२ जाती घ्यायच्या, प्रत्येकीवर नमुन्यातली बुरशी सोडायची, आणि कोणती जात बळी पडते, कोणती तगते ते नोंदवायचं. बारा उत्तरांचा जो नमुना येतो ती त्या रेसची ओळख. थोडक्यात बारा टेस्ट केसेसचा संच.

त्या बारांपैकी एक नाव आहे खपली! हो, तीच आपली खपली, सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातली, आज पुण्या-मुंबईत आरोग्याच्या नावाखाली महाग विकली जाणारी. काळ्या तांबेऱ्याच्या बऱ्याच रेसना ती दाद देत नाही, म्हणून ती जगभरच्या संचात गेली. रोगप्रतिकाराची काही जनुकं पुढे तिच्यातूनच ओळखली गेली.

मेहतांनी ही पद्धत भारतात वापरली. १९२९ मध्ये शाही कृषी संशोधन परिषद स्थापन झाली होती. पुढच्या दशकात तिच्या अनुदानातून त्यांचं काम वाढलं आणि सिमल्याला तांबेऱ्याची प्रयोगशाळा उभी राहिली. सिमलाच का? बुरशी जिवंत ठेवायची तर बारा महिने हिरव्या रोपांवर ठेवावी लागते, आणि त्या काळी आग्र्याच्या उन्हाळ्यात ते शक्य नव्हतं. ज्या कारणाने तांबेरा डोंगरात राहतो त्याच कारणाने तांबेऱ्याचा अभ्यासकही डोंगरात गेला. या सगळ्या कामाचा पहिला मोठा ग्रंथ परिषदेने १९४० मध्ये काढला.

उपाय सापडला, पण किंमत कोण मोजणार?

उगम सापडला की उपाय सरळ दिसतो. मेहतांचा प्रस्ताव असा होता: हिमालयात नव्या पेरणीच्या आधी ती आपोआप उगवलेली रोपं आणि फुटवे नष्ट करायचे, पेरणी थोडी लांबवायची, आणि निलगिरी-पलनीत उन्हाळी गव्हाचं पीक काही वर्षं बंद ठेवायचं. साखळीत एक खंड पाडायचा. मैदानातल्या कोट्यवधी एकरांवर काही करायचं नाही, डोंगरातल्या थोड्या शेतांवर करायचं. इंजिनिअर म्हणून मला हा उपाय देखणा वाटतो. सगळीकडे पॅच लावत बसण्यापेक्षा उगमावर एकदाच घाव.

पण त्या थोड्या शेतांचा मालक कोण होता? उतारावर चार वाफे कसणारा पहाडी शेतकरी. त्याचं पीक बंद ठेवायचं, का, तर हजार किलोमीटरवरच्या गव्हाला रोग होऊ नये म्हणून. त्याच्या ताटातलं धान्य कोण भरून देणार? शिवाय डोंगर एका प्रांतात, फायदा दुसऱ्या प्रांतात, आणि मधला हिमालय तर नेपाळात, म्हणजे दुसऱ्याच देशात. प्रस्ताव त्या प्रमाणावर कधीच राबवला गेला नाही. याला नुसती सरकारी दिरंगाई म्हणून मोकळं होता येणार नाही. भरपाईचा हिशोब मांडल्याशिवाय असला उपाय मागणं म्हणजे डोंगरातल्या माणसाला मैदानाचं बिल भरायला लावणं होतं.

मग आलं १९४६-४७. त्या हिवाळ्यात मध्य भारतात काळा तांबेरा भयंकर पसरला. नुकसानीचा आकडा सुमारे २० लाख टन सांगितला जातो. देशात रेशनिंग होतं, बंगालच्या दुष्काळाला पुरती चार वर्षंही झाली नव्हती, आणि फाळणी दारात होती. शेतात तेव्हा ज्या जाती होत्या त्यांच्यात या रोगाला तोंड देण्याची ताकद नव्हती, हवामान जुळलं आणि बीजाणू वेळेवर पोचले. मेहतांनी आयुष्यभर जी साखळी कागदावर काढली होती ती पूर्ण वेगाने चालताना त्यांना पाहावी लागली. १९५० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग छापून आला तो १९५२ मध्ये.

पुढे काय झालं

देशाने दुसरा रस्ता धरला. रोग थांबवायचा नाही, रोगाला न बधणारा गहू तयार करायचा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत बी. पी. पाल यांनी तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारी एनपी ८०९ ही जात १९५० च्या दशकात दिली. मग १९६० च्या दशकात मेक्सिकन गहू आला. पण हा रस्ता कधी संपत नाही. जात नवी आली की काही वर्षांत बुरशीची नवी रेस येते. कोणत्या रेस फिरताहेत हे कळलं तरच जात निवडता येते, म्हणजे मेहतांचं अर्धं काम इथे रोज लागतं.

दुसरं अर्धं काम उपग्रहांनी पुढे नेलं. १९७० च्या दशकात नागराजन आणि सिंग यांनी हवामान उपग्रहांचे ढगांचे फोटो आणि वाऱ्यांचे मार्ग तांबेऱ्याच्या नोंदींशी ताडून पाहिले. दक्षिणेच्या बाजूला वादळ किंवा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की निलगिरीवरची हवा वर उचलली जाते, उत्तरेकडे वळते, आणि मध्य भारतात पाऊस झाला की त्यातले बीजाणू पावसाबरोबर खाली येतात. नोव्हेंबरातलं एखादं वादळ, आणि काही आठवड्यांनी मध्य प्रदेशातल्या गव्हावर पहिले फोड. मेहतांनी काचपट्ट्यांवर मोजलेली गोष्ट आता आकाशातून दिसत होती. याच काळातल्या कामातून त्यांच्या नकाशात एक दुरुस्तीही झाली: काळ्या तांबेऱ्यासाठी हिमालयाचं महत्त्व त्यांना वाटलं होतं त्याहून बरंच कमी निघालं. तो मुख्यतः दक्षिणेतूनच येतो.

बारबेरीचं काय? २०१० मध्ये अमेरिकेत असं दिसलं की पिवळा तांबेराही बारबेरीवर जाऊ शकतो, त्यामुळे जुना प्रश्न पुन्हा उघडला गेला. पण भारतातल्या गव्हाचा रोग बारबेरीवरून येतो असं अजून दाखवता आलेलं नाही.

महाराष्ट्रात या कामाचं ठिकाण म्हणजे महाबळेश्वर. आपण स्ट्रॉबेरी खायला जातो तिथेच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरवा म्हणजे तांबेराच. थंड आणि दमट हवा, म्हणजे रोगाला हवं तेच हवामान, म्हणून नव्या जातींची परीक्षा घ्यायला जागा उत्तम. तिथे तगलेली जात मग निफाडसारख्या गव्हाच्या पट्ट्यात जाते.

आणि सिमल्यात फ्लॉवरडेल इथे मेहतांच्या प्रयोगशाळेचा वारसा अजून चालू आहे. आता ती कर्नालच्या गहू आणि जव संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. देशभरातून तांबेरा लागलेल्या पानांचे नमुने तिथे येतात. ते ठरावीक जातींच्या रोपांवर लावतात, कोणती बळी पडली आणि कोणती तगली ते लिहितात. रेसना नाव द्यायची पद्धत बदलली, संचातल्या जाती बदलल्या. बुरशी मात्र अजूनही जिवंत हिरव्या रोपावरच सांभाळावी लागते.